न बोलण्याचा परवाना

मराठी माणसाला निदान करायला शिकवावं लागत नाही. समोरचा नुसता शिंकला तरी 'रात्री दही खाल्लं असशील'पासून 'पित्त आहे, पित्त'पर्यंत आपली मजल दोन मिनिटांत जाते, आणि तिसऱ्या मिनिटाला आलं-गूळ सुचवून झालेलं असतं. माझी आत्या तर म्हशीच्या डोळ्यांकडे बघून तिचं पोट सांगायची आणि म्हशीच्या पोटावरून मालकाचा स्वभाव. अशा घराण्यात वाढलेल्या बाईने चाळिशी उलटल्यावर नेमक्या अशा धंद्यात शिरावं, जिथे कायदाच बजावतो की निदान करायचं नाही, औषध लिहून द्यायचं नाही, शस्त्रक्रिया करायची नाही आणि पुढे काय होईल त्याचं भाकीत करायचं नाही, याला दैवगती म्हणतात.

मी अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात व्हेटरनरी टेक्निशियन आहे, रीतसर परवाना असलेली. सासूबाईंना फोनवर हे सांगितलं तेव्हा पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू येईना. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे गुरांच्या डॉक्टरकडचा कंपाउंडर?"

"तसंच म्हणा. पण मी भूल देते, एक्स-रे काढते, दात साफ करते, रक्त तपासते."

"मग डॉक्टर काय करतो?"

"तो सांगतो, काय झालंय ते."

"सांगायला काय," सासूबाई म्हणाल्या, "मीसुद्धा सांगेन."

डेलावेअर म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहूनही लहान राज्य. लांबी ९६ मैल, रुंदी कुठे ९ मैल तर कुठे ३५. जिल्हे तीन, आणि समुद्राला भरती आली की दोनच, असा इथला जुना विनोद. वस्ती दहा लाखांच्या आसपास. ७ डिसेंबर १७८७ला अमेरिकेच्या संविधानाला सर्वांत आधी मान्यता दिली ती याच राज्याने, म्हणून गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'द फर्स्ट स्टेट' असं छापलेलं असतं. त्यानंतर पहिलं येण्याचे प्रसंग फारसे आले नाहीत, त्यामुळे ती पाटी सगळे जपून वापरतात.

राज्याच्या कमरेतून एक कालवा जातो. उत्तरेला बँका, क्रेडिट कार्डं आणि त्या बँकांचे संगणक सांभाळणारे आमच्यासारख्यांचे नवरे. दक्षिणेला मका, सोयाबीन आणि कोंबड्या. उत्तरेकडचे लोक दक्षिणेला हळूबाई समजतात, आणि दक्षिणेकडच्यांना ते मान्य असतं. त्यांना कुठे घाई असते? प्राण्यांचा डॉक्टर व्हायचं कॉलेज या राज्यात नाहीच, त्यासाठी शेजारच्या पेनसिल्व्हेनियात किंवा आणखी लांब जावं लागतं. टेक्निशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मात्र आहे. तो डेलावेअर टेक्निकल कम्युनिटी कॉलेजात, दक्षिणेच्या जॉर्जटाउन गावी. आम्ही राहतो वर, न्यूअर्कला. म्हणजे कॉलेजला जायचं तर जवळजवळ अख्खं राज्य ओलांडायचं. नवरा सुरुवातीला फार काळजी करायचा. मी त्याला म्हटलं, अरे, राज्य ओलांडायला मला दीड तास लागतो. संध्याकाळी पुण्यात कोथरूडहून खराडीला जाऊन दाखव तेवढ्या वेळात.

त्या वाटेवर कोंबड्या दिसत नाहीत, लांबच लांब बुटक्या शेड दिसतात आणि वारा फिरला की कोंबड्या असल्याचं कळतं. जॉर्जटाउन ज्या जिल्ह्यात आहे त्या ससेक्स जिल्ह्याइतक्या खाण्याच्या कोंबड्या अमेरिकेतला दुसरा कुठलाही जिल्हा पिकवत नाही. याचं मूळ एका घोटाळ्यात आहे. १९२३ साली ओशन व्ह्यू गावच्या सेसिल स्टील नावाच्या बाईंनी अंड्यांसाठी ५० पिल्लं मागवली आणि पोचली ५००. आपल्याकडे यावर पोल्ट्रीवाल्याचा उद्धार झाला असता, चौकात दोन तट पडले असते. बाईंनी पिल्लं ठेवून घेतली, वाढवली, त्यांतल्या जगलेल्या ३८७ कोंबड्या पौंडाला ६२ सेंट भावाने मांसासाठी विकल्या आणि पुढल्या खेपेला आपणहून जास्त मागवल्या. तीन वर्षांत त्या दहा हजारांवर गेल्या. या राज्याचा पक्षीही कोंबडीच, 'ब्लू हेन'. मोर, गरुड, हरियाल असल्या भानगडीत न पडता जिच्यावर पोट आहे तिलाच मान द्यायचा, हा व्यवहारीपणा मला फार आवडतो.

एवढ्या कोंबड्या असून आमच्या दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर कोंबडी क्वचितच येते. आली तर ती कुणाच्या तरी परसातली, नाव वगैरे ठेवलेली. शेडमधल्या कोंबड्यांचा हिशोब एकेकीचा नसतो. वीस-पंचवीस हजारांचा कळप हाच तिथे एक रुग्ण. जॉर्जटाउनलाच डेलावेअर विद्यापीठाची कोंबड्यांच्या रोगांची प्रयोगशाळा आहे. २००४ साली या भागात बर्ड फ्लू आला तेव्हा अख्खं राज्य बुटांचे तळवे धूत होतं. आजही पोल्ट्रीत कामाला असलेल्याला घरी हौसेची एक कोंबडीसुद्धा पाळू देत नाहीत.

आमच्या धंद्याचं जन्मगाव दिल्ली, हे मला कॉलेजात कळलं तेव्हा ऊर भरून आला. मग कळलं, ही न्यूयॉर्क राज्यातली दिल्ली, आणि तिथले लोक तिला 'डेल-हाय' म्हणतात. तिथल्या सरकारी कॉलेजने १९६१ साली प्राण्यांच्या टेक्निशियनचा पहिला अभ्यासक्रम काढला. त्याआधी दवाखान्यात जो हाताशी असेल तो कुत्र्याचे पाय धरायचा. डॉक्टरची बायको, शेजारचा पोरगा, कधी कुत्र्याचा मालक. आपल्याकडे परळचं पशुवैद्यक कॉलेज १८८६चं, तिथून डॉक्टर बाहेर पडतात. पण गावोगाव बैलगाडीच्या वाटेने जाऊन लसी टोचणारा माणूस बहुतेक वेळा पशुधन पर्यवेक्षक असतो. त्यालाही कायदा हेच सांगतो की किरकोळ उपचार कर, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली. गावात मात्र त्यालाच 'डॉक्टरसाहेब' म्हणतात आणि तो बिचारा दर वेळी दुरुस्ती करत बसत नाही.

इथे दुरुस्ती करावी लागते, आणि तीही राज्यागणिक वेगळी. डेलावेअरमध्ये आम्ही 'लायसन्स्ड', म्हणजे एलव्हीटी. माझ्या घरापासून थोड्या अंतरावर पेनसिल्व्हेनियाची हद्द. तिथे हेच काम करणारी 'सर्टिफाइड', सीव्हीटी. दुसऱ्या अंगाला मेरीलँड. तिथली 'रजिस्टर्ड', आरव्हीटी. परीक्षा तिघींची एक, पगार तिघींचा सारखाच बेताचा, कुत्रे चावतात तेही सारखेच. पण प्रत्येक राज्याचा कागद वेगळा, फी वेगळी. मोठ्या राज्यात हे कुणाच्या लक्षातही येत नसेल. डेलावेअरमध्ये दूध आणायला निघालेली बाई चुकीच्या वळणावर गेली तर तिचा परवाना तिथे चालत नाही. पगाराबद्दल एवढंच सांगते की या राज्यात विक्रीकर नाही.

अभ्यासात मला सर्वांत गोडी वाटली ती विष्ठेच्या तपासणीची. हे वाक्य मी माहेरी बोललेले नाही. जंतांची अंडी शोधायची तर नमुना एखाद्या जड द्रावणात ढवळायचा. घाण तळाला बसते, अंडी वर तरंगतात. तयार द्रावणं बाजारात मिळतात, पण एक जुनी पद्धत साखरेच्या पाकाची आहे, आणि आमच्या बाईंनी ती करून दाखवली. ४५४ ग्रॅम साखर, ३५५ मिलीलिटर पाणी, मंद आचेवर उकळी न फोडता विरघळवायचं. वर्गातल्या पोरी तापमापी आणि घनतामापी घेऊन पाकाभोवती उभ्या. घनता १.२७ यायला हवी. मी चमच्याने थेंब उचलून दोन बोटांत धरला, जरा ओढून पाहिला आणि म्हटलं, अजून थोडा वेळ. घनतामापीनेही तेच सांगितलं. त्या दिवसापासून वर्गात माझा दबदबा होता. एकतारी पाक हा आमच्याकडे दिवाळीचा विषय असतो, हे मी सांगितलं नाही; कारण पाक निवाल्यावर बुरशी येऊ नये म्हणून बाईंनी त्यात फॉर्मॅलिनचे थेंब सोडले आणि दिवाळीची आठवण काढण्यात अर्थ उरला नाही.

नंतर त्या पाकात ढवळलेला नमुना चहाच्या गाळणीने गाळायचा. खरोखरची चहाची गाळणी. दवाखान्यात तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेलं असतं की ही चहाची नाही. नळी गरागरा फिरवायची, वर काचेची चकती ठेवायची, दहा मिनिटं थांबायचं, चकती उचलून काचपट्टीवर टेकवायची. सूक्ष्मदर्शकाखाली आधी नुसते हवेचे बुडबुडे, परागकण, गवताचे धागे दिसतात. आणि मग कोपऱ्यात ते येतं. गोल, जाड खडबडीत कवच, आत काळसर गाभा. टॉक्सोकारा, कुत्र्याच्या पिलांतल्या गोल जंताचं अंडं. मला इतका आनंद झाला की मी "झालेत! जंत झालेत!" असं मराठीत ओरडले. बाई शांतपणे म्हणाल्या, काय दिसलं ते लिही. काय झालंय, ते डॉक्टर लिहितील. कागदावर मी लिहिलं, 'टॉक्सोकाराची अंडी दिसली.' दिसली आणि झाले यांच्यामध्ये डॉक्टरची सही असते.

जनावर धरणं ही या धंद्यातली खरी विद्या, आणि परीक्षेत तिचे प्रश्न असले तरी उत्तरं हातालाच येतात. कुत्र्याच्या पुढच्या पायाची शीर फुगवायची तर अंगठ्याने दाबून जरा बाहेर वळवायची, दुसरा हात हनुवटीखाली, आणि त्याचं अंग आपल्या अंगाशी. घट्ट धरलं तर तो सुटायला बघतो, सैल धरलं तर सुटतोच. मांजराचं गणित उलटं. मांजराला जितकं कमी धराल तितकं ते ऐकतं. पूर्वी मानेची कातडी चिमटीत धरायचे, आता ती पद्धत मागे पडली. आता टॉवेल. जन्माष्टमीच्या सुंठवड्याची पुडी बांधावी तसं मांजर बांधायचं आणि पाहिजे तेवढाच एक पाय बाहेर काढायचा.

अशा वेळी माझ्या तोंडून आपोआप मराठी निघतं. इंग्रजीत कुत्र्याशी काय बोलायचं ते मला आजवर सुचलेलं नाही. "उगी उगी, झालं हं, झालं, शहाणं माझं." हे ऐकून ऐकून दवाखान्यातल्या बाकीच्या पोरीही "झाला हं, झाला" म्हणायला लागल्या. एका शिकारी बीगलला लस टोचताना निळ्या डोळ्यांची, ससेक्सच्या शेतावर वाढलेली सहा फुटी मुलगी त्याच्या कानात "शहानं माजं" म्हणते तेव्हा मला गहिवरून येतं. सुई अजून आत असताना "झालं हं" म्हणणं हे खरं तर भाकीत आहे, आणि भाकीत मला मनाई आहे. पण परवाना देणाऱ्या बोर्डाला मराठी येत नाही.

भुलीखाली प्राणी असला की मात्र तोंड आपोआप बंद होतं. दर पाच मिनिटांनी लिहायचं. ठोके, श्वास, रक्तदाब, तापमान, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड. यंत्रं असतातच, तरी पापणीला हलकेच बोट लावून बघायचं, जबडा किती सैल आहे ते चाचपायचं. डॉक्टरचं लक्ष टाक्यांवर असतं, प्राणी जिवंत ठेवण्याकडे आपलं. सर्वांत नाजूक वेळ झोपवण्याची नसते, जागं होण्याची असते. घोडा भुलीतून उठताना घाबरून पाय झाडतो आणि नुकतंच जोडलेलं हाड पुन्हा मोडून घेतो. म्हणून हद्दीपलीकडे पेनसिल्व्हेनियातल्या न्यू बोल्टनच्या मोठ्या जनावरांच्या इस्पितळात एक तलाव बांधलाय. झोपलेल्या घोड्याला क्रेनने उचलून रबरी तराफ्यात बसवतात, चारही पाय खाली पाण्यात, आणि तरंगत तरंगत तो जागा होतो. २००६ साली पाय मोडलेला शर्यतीचा नामांकित घोडा बार्बरो याच तलावात जागा झाला होता.

आमच्याकडे तलाव नाही, गोधडी आहे. जमिनीवर तिच्यावर कुत्र्याला घेऊन बसायचं आणि तो घोट कधी गिळतो याची वाट बघायची. गिळला की घशातली नळी काढायची, त्याआधी नाही. बुलडॉगची गोष्ट वेगळी. चपटं नाक आणि अरुंद घसा यामुळे बिचाऱ्याने जन्मात कधी मोकळा श्वास घेतलेला नसतो, त्यामुळे त्याची नळी जमेल तितका वेळ राहू देतात. बाकीचे कुत्रे शुद्धीवर येताच नळी थुंकायला बघतात. हा गृहस्थ डोळे उघडून, मान वर करून, तोंडात नळी घेऊन स्वस्थ बसून राहतो. हवा अशी सरळ आत जाते हे त्याला आज कळलेलं असतं. नळी काढायला गेलं की अशा नजरेने बघतो की आपणच दुष्ट.

परवान्यासाठीच्या राष्ट्रीय परीक्षेत १७० प्रश्न आणि वेळ ३ तास. त्यांतल्या १५० प्रश्नांचेच गुण धरतात. उरलेले २० पुढल्या परीक्षांसाठी नुसते चाचपून बघायला घातलेले असतात, आणि ते कुठले ते सांगत नाहीत. मला जे जे आलं नाही ते सगळं त्या विसांतलं होतं, अशी माझी श्रद्धा आहे. गुण २०० ते ८००च्या मापात, ४२५ला उत्तीर्ण. कुत्र्याचे दात ४२, मांजराचे ३०, घोड्याला उलटी होत नाही, हे सगळं रात्री भांडी घासताना पाठ केलं. कुत्र्याचं निरोगी तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे आमच्या आईच्या हिशोबाने जगातले सगळे कुत्रे तापाने फणफणलेले. गाईला वरचे पुढचे दात नसतात हे मात्र पाठ करावं लागलं नाही. वासराने हात चघळला की हे ज्ञान लहानपणीच मिळतं, आणि अमेरिकेतल्या पदवीत त्याचा उपयोग होईल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी दुसराही हात दिला असता.

राजधानी डोव्हरच्या बोर्डाने परवाना दिला आणि मग या राज्याच्या लहानपणाची खरी किंमत कळली. न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी माणूस कामावरचा अंगरखा काढला की गर्दीत नाहीसा होतो. डेलावेअरमध्ये कालच्या लॅब्राडोरची मालकीण आज किराण्याच्या रांगेत पुढे असते आणि परवा मुलाच्या शाळेत शिक्षिका म्हणून भेटते. इथे भांडण परवडतच नाही. निवडणुकीनंतर दोन दिवसांनी जॉर्जटाउनला 'रिटर्न डे' असतो. जिंकलेला आणि हरलेला एकाच बग्गीत बसून गावभर फिरतात आणि शेवटी दोन्ही पक्षांचे प्रमुख, भांडण मिटल्याची खूण म्हणून, एक कुऱ्हाड वाळूत पुरतात. पुढे आयुष्यभर एकाच दुकानातून भाजी घ्यायची असली की असे सण निघतात.

तर रांगेतली ती बाई टोमॅटो निवडता निवडता विचारते, "तो मागच्या पायाने लंगडतोय. गुडघा गेला असेल का?" लॅब्राडोर, सात वर्षांचा, लठ्ठ, परवा चेंडूमागे धावताना केकाटला. माझ्या जिभेच्या टोकावर सगळं तयार असतं. माझी आत्या माझ्या आतून ओरडत असते. मी म्हणते, "डॉक्टरांकडून वेळ घेऊन ठेवते. तोवर उड्या मारू देऊ नका." यातलं दुसरं वाक्य कायद्यात बसतं का, यावर मी एकदा बराच विचार केला होता.

टोमॅटोच्या रांगेत गप्प राहणं जमतं. एक्स-रेच्या खोलीतून बाहेर येताना जमवावं लागतं. फोटो मीच काढलेला असतो, पडद्यावर आधी मीच बघितलेला असतो. बाहेर म्हातारे गृहस्थ रिकामा पट्टा हातात गुंडाळत बसलेले असतात आणि विचारतात, "काही गंभीर नाही ना?" त्या वेळी खोटं बोलायचं नाही आणि खरंही बोलायचं नाही. आमच्याकडची जुनी टेक्निशियन सांगते, अशा वेळी माणसाकडे बघू नकोस, कुत्र्याबद्दल काहीतरी खरं बोल. मग मी म्हणते, "फार शहाण्यासारखा पडून राहिला हो तो, अजिबात हलला नाही. डॉक्टर येताहेत." गृहस्थ लगेच म्हणतात, "तो तसाच आहे पहिल्यापासून." आणि डॉक्टर येईपर्यंत त्याच्या पिलूपणाच्या गोष्टी सांगतात.

आता उरली आमची मराठी मंडळी. त्यांच्यापुढे माझा परवाना लुळा पडतो. यंदा गणपतीत आरती आटोपून सगळे पानावर बसले आणि एका काकांनी मोदकाच्या ताटाशेजारी फोन ठेवला. पडद्यावर त्यांच्या कुत्र्याने जे बाहेर टाकलं होतं त्याचा, भरपूर उजेडात काढलेला फोटो.

"सकाळपासून दोनदा झालं. मलूल आहे. काय असेल गं?"

"काका, डॉक्टरांना दाखवा."

"ते दाखवू. पण तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं ते विचारण्यात आलं, आणि उत्तर बाकी सगळ्यांनी दिलं. एक म्हणाले, भात बंद करा. एक वहिनी म्हणाल्या, ओवा कोमट पाण्यातून. संगणकवाल्या एका तरुणाने फोटो मोठा करून पित्ताचा रंग दाखवला. कुणीतरी नजर काढायची आठवण केली, ती अर्धी गमतीत. खोलीत परवाना असलेली मी एकटी, आणि गप्पही मी एकटीच.

पण विचारायला कायद्याची हरकत नाही. रुग्णाची माहिती घेणं हे तर माझं कामच. "काका, काल-परवा काही वेगळं खाल्लं का त्याने? कांदा? चॉकलेट?"

"छे गं. कांदा आम्ही देतच नाही. काल फक्त प्रसादाच्या शिऱ्याचं पातेलं चाटलं. थोडा तळाशी राहिला होता."

"मनुका होत्या त्यात?"

"भरपूर. हिचा हात सढळ आहे."

मनुका आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडावर जातात, आणि थोड्याशाही जाऊ शकतात. मी हातातला मोदक खाली ठेवला. "काका, आत्ता उठा. चोवीस तासांच्या इमर्जन्सीला फोन लावा. मनुका खाल्ल्या, काल, किती वाजता, कुत्र्याचं वजन किती, एवढं सांगा. मी नंबर देते."

"म्हणजे काय झालंय त्याला?"

"ते डॉक्टर सांगतील."

काका चपला शोधायला धावले, त्यांच्यामागे गाडीची किल्ली घेऊन काकू. दोघे दारापर्यंत पोचले असतील-नसतील तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या आजी, ज्या पुण्याहून लेकीकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि ज्यांनी आयुष्यात कुत्रा पाळलेला नव्हता, ताटातलं वरण भातावर घेत ठामपणे म्हणाल्या, "मनुका उष्णच असतात."